लेथ आमचा, जॉब त्याचा

मागच्या अंकात या कायदा-सल्ल्याच्या सदरात शस्त्र परवान्याच्या नूतनीकरणावर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या, आणि या महिन्याच्या पत्रांच्या गठ्ठ्यात निम्म्याहून अधिक बंदुकाच निघाल्या. पाटणपासून सांगलीपर्यंत जो तो माळ्यावरचं लोखंड खाली काढून बसलाय असं वाटलं. फारकतीचे आणि बांधाच्या रस्त्याचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते, त्या वाचकांनी रागावू नये. पहिलं पत्र लांबलचक होतं, ते थोडं कापून देते.

प्रश्न : मॅडम, माझं वय २७, मेकॅनिकलचा डिप्लोमा, सातारा एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आम्ही चौघा मित्रांनी कोडोलीत पत्र्याचं शेड भाड्याने घेतलंय. सेकंडहँड साडेचार फुटी लेथ (लोखंड कातायचं यंत्र), पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर आणि एक थ्रीडी प्रिंटर आहे. सुट्टीच्या दिवशी ज्याला जे करायचं ते तो करतो. आणखी दहा-अकरा जण महिना दोनशे रुपये देऊन येतात. बाहेर ‘कट्टा’ असा बोर्ड लावलाय. त्यांतल्या एकाचा मावसभाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो. तो छंद म्हणून घरच्या गॅरेजमध्ये रायफल जुळवतो आणि तिथे त्याला परवानाही लागत नाही म्हणे. ते बघून या आमच्या मित्राला पिस्तूल करायची हुक्की आलीय. डिझाइनची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन फिरतो. म्हणतो, चालवायचं नाही, काचेच्या कपाटात ठेवायचंय. येत्या रविवारी शेडची किल्ली मागतोय. मी मशीनला हात लावणार नाही, नुसती किल्ली देणार. मग माझा संबंध येतो का? दुसरा मित्र म्हणतो, लेथ वापरायला दिला म्हणून गुन्हा होत असेल तर एमआयडीसीतले सगळे वर्कशॉपवाले आत जायला हवेत. खरं काय?

उत्तर : किल्ली देऊ नकोस. रविवार उजाडायच्या आत त्याला तोंडावर नाही म्हण आणि मग उरलेलं उत्तर सावकाश वाच. वय लिहिलंस म्हणून अरे-तुरे करते, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे.

तुझ्या मावसभाऊवाल्या मित्राला वाटतं तितकं अमेरिकेत मोकळं रान नाही, पण त्याचं म्हणणं अगदीच खोटंही नाही. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्याने परवाना लागतो तो बंदुका बनवण्याचा धंदा करणाऱ्याला. स्वतःपुरती साधी बंदूक घरी जुळवणाऱ्याला केंद्राचा परवाना लागत नाही. मात्र ज्याला मुळात बंदूक बाळगायलाच बंदी आहे त्याला ही सवलत नाही. मशीनगन किंवा आखूड नळीची रायफल असेल तर १९३४ पासून निराळा कडक कायदा आहे, आणि कॅलिफोर्नियासारखी राज्यं घरी केलेल्या बंदुकीवरही सरकारकडून क्रमांक घ्यायला लावतात. अर्धवट तयार सुटे भाग घरपोच मागवून बंदूक जुळवण्याचं वेड तिकडे फार वाढलं, तेव्हा २०२२ मध्ये केंद्राने नियम काढला की असा जुळणीसंच हीसुद्धा बंदूकच धरावी. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला.

तुझ्या कामाचा मुद्दा मात्र वेगळाच आहे. तुमच्या कोडोलीच्या शेडसारखी शेडं तिकडेही होती. दहा जण जमायचे, मशीन मालकाचं, बटण दाबणारा गिऱ्हाईक. मालक म्हणायचा, मी कुठे बनवली? त्यानेच बनवली, मशीन फक्त माझं. जानेवारी २०१५ मध्ये तिथल्या शस्त्रविषयक खात्याने, एटीएफने, लेखी खुलासा काढला. व्यवसाय असो की मंडळ, यंत्रं ज्याच्या ताब्यात आहेत आणि ती कोणी कधी वापरायची हे जो ठरवतो, त्याला गिऱ्हाइकाच्या हाताने काम करून घेऊन परवान्यातून सुटका नाही. बनवणारा तोच धरला जाईल. म्हणजे बंदुकीच्या बाबतीत एवढ्या सैल देशातसुद्धा किल्लीवाल्याची सबब चालली नाही. तू महिना दोनशे रुपये घेतोस हेही विसरू नकोस.

आता आपल्याकडचं. आपला शस्त्र कायदा १९५९ चा, आणि त्याची चाल अमेरिकेच्या नेमकी उलट. तिथे बनवायला मोकळीक आहे आणि तिला अपवाद आहेत. इथे बनवायला मनाई आहे आणि परवाना हा अपवाद. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवता येत नाही, विकता येत नाही, तिच्यात फेरबदल करता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, उडवून बघतासुद्धा येत नाही. छंद, हौस, शोपीस, काचेचं कपाट असले शब्द त्या कलमात कुठेही नाहीत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. आधी ती तीन ते सात वर्षं होती. प्लास्टिकची केली तर सुटू, असं कोणी सांगेल. कायद्यातली व्याख्या ‘कोणत्याही वर्णनाची’ अशी सुरू होते. स्फोटाने किंवा दुसऱ्या कसल्याही ऊर्जेने गोळी फेकण्यासाठी केलेली वस्तू म्हणजे बंदूक, मग ती लोखंडाची असो की प्रिंटरमधून आलेली. जपानमध्ये २०१४ मध्ये एका माणसाला घरी थ्रीडी प्रिंटरवर पिस्तुलं केली म्हणून दोन वर्षांची शिक्षा झाली. आणि २०२२ च्या जुलैत नारा शहरात शिंजो आबे ज्या हत्याराने गेले, तेही घरीच जुळवलेलं होतं. सरकारं या छंदाला का बिचकतात ते त्यावरून कळेल.

पण मला तुला दाखवायची आहे ती या व्याख्येची शेपटी. बंदुकीच्या व्याख्येत तिचे सुटे भाग येतातच, आणि पुढे ती बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा येते. हे वाक्य मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला वाचलं तेव्हा मला सांगलीची खंडेनवमी आठवली. आमच्या अण्णांचं टिंबर एरियात छोटं वर्कशॉप होतं, दोन लेथ आणि एक शेपर. खंडेनवमीला ते चकवरची, म्हणजे कातायचा तुकडा आवळून धरणाऱ्या जबड्यावरची, ग्रीस चिंधीने पुसून काढायचे, जॉच्या तिन्ही दातांना हळदकुंकू लावायचे, टूलपोस्टला झेंडूचा हार घालायचे, आणि शेजारी पाटावर आजोबांची म्यान गंजलेली तलवार. अवजार आणि हत्यार एकाच पाटावर, एकाच उदबत्तीत. कायदा करणाऱ्यांनी काही आमच्या वर्कशॉपात येऊन तो केला नव्हता, पण पाट त्यांनीही एकच मांडलाय.

म्हणून प्रत्येक लेथ म्हणजे शस्त्र का? नाही. तुझ्या दुसऱ्या मित्राला सांग, एमआयडीसी आत जात नाही. ज्या लेथवर दिवसभर पंपाचे शाफ्ट आणि बुश होतात तो लेथ आहे, बस्स. पण याच कामासाठी म्हणून कोणी खास फिक्श्चर किंवा जिग, म्हणजे तुकडा नेमका पकडून ठेवणारा साचा, करून ठेवला तर तो या शेपटीत अडकतो, असं माझं मत आहे. आणि साधा लेथ असला तरी कशासाठी हवाय हे ठाऊक असताना जो देतो, त्याला कायदा दुसऱ्या दाराने गाठतो. भारतीय न्याय संहितेत जाणूनबुजून मदत करणं म्हणजे अपप्रेरणा, आणि गुन्हा घडला तर मदत करणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा. पेनड्राइव्हवरच्या फाइलचंही तेच. शस्त्र कायद्यात फाइल हा शब्द नाही, पण काय बनणार आहे हे माहीत असून ती प्रिंटरला जोडून देणं ही मदतच. तू तर मला लेखी कळवलंयस की तुला माहीत आहे! हे पत्र मी फाडून टाकलंय, काळजी करू नकोस.

अण्णांचीच एक गोष्ट सांगते. साल १९८३ असावं, मी आठवीत होते. संध्याकाळी डबा घेऊन गेले तर एक माणूस हातात पाईप घेऊन उभा. फवारणी पंपाचा आहे, आतून साफ करून द्या म्हणाला. ड्रॉइंग नाही, माप तोंडी. अण्णांनी पाईप डोळ्याला लावला, दिव्याकडे धरला आणि विचारलं, “पंपाला आतनं आरशासारखी चकाकी कशाला लागते ओ?” तो काही बोलला नाही. अण्णांनी पाईप परत दिला, हात पुसले आणि डबा उघडला. तो माणूस चार दुकानं सोडून पाचव्यात गेला आणि तिथे त्याचं काम झालं. महिन्याभराने पोलीस आले. त्या पाचव्या दुकानदाराला नेलं, आणि त्याचा लेथ मुद्देमाल म्हणून जप्त केला. दोन टनांचा लेथ उचलणार कोण? जागेवरच चकची चावी कापडात गुंडाळून तिला लाखेचं सील लावलं. तपासावरचे फौजदार आमच्या स्टुलावर बसून चहा प्यायले आणि अण्णांना म्हणाले, “तुम्ही नाही म्हणालात ते बरं केलंत, पण कळवलं का नाही?”

तोपर्यंत आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं की कलम ३६ नावाची काही भानगड आहे. या कायद्याखालचा गुन्हा होतोय हे ज्याला माहीत आहे त्याने पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्याला कळवलंच पाहिजे. कळवलं नाही तर सबळ कारण होतं हे त्यानेच दाखवायचं. आज वकील म्हणून मी म्हणेन, अण्णांना शंका होती, माहिती नव्हती, आणि या दोन्हींत फरक आहे. पण तो फरक मी कोर्टात पाऊण तास सांगू शकते, अण्णा स्टुलाशेजारी उभे राहून सांगू शकले नसते.

पाचवा दुकानदार सुटला. त्याला काय बनतंय हे माहीत होतं, असं सरकारला सिद्ध करता आलं नाही. सुटायला साडेतीन वर्षं लागली. सुपुर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, लेथ सोडवून घेता येतो हे त्याच्या वकिलाने त्याला सांगितलंच नव्हतं, की सांगून केलं नव्हतं, देव जाणे. सील निघालं तेव्हा लेथच्या बेडवर गंजाचे पापुद्रे आले होते. पुढे त्याने रसवंती काढली.

तुमच्या शेडचा भाडेकरार चौघांच्या नावावर असेल तर कलम ३५ ही वाचून ठेव. एकत्र ताब्यातल्या जागेत शस्त्र सापडलं तर ज्यांना त्याची माहिती होती असं मानायला जागा आहे, ते सगळे जबाबदार, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणून वहीत प्रत्येक जॉबची नोंद ठेवा, कोणी, कधी, काय केलं ते. प्रिंटरच्या मेमरी कार्डवर काय काय आहे ते एकदा बघून घ्या. त्या मित्राने दुसरीकडे कुठे हा उद्योग खरोखर केल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं हे तुझं काम आहे, मैत्री गेली तरी. आणि तो ‘कट्टा’ नावाचा बोर्ड काढा रे. गप्पांचा कट्टा हे मला समजतं, पण पंचनाम्यात ‘कट्टा नावाच्या शेडमध्ये’ असं वाक्य आलं की वाचणाऱ्याच्या मनात दुसराच, गावठी पिस्तुलाचा कट्टा येतो.

त्याला लोखंडाचीच हौस असेल तर साताऱ्यात बनलेलं जुनं कूपर डिझेल इंजिन भंगारातून शोधा आणि चालू करून दाखवा. दोन वर्षं रविवार कमी पडतील. नेमबाजीचीच ओढ असेल तर परवानाधारक रायफल क्लबात नाव घालू दे. क्लबच्या सभासदाला सरावासाठी पॉइंट टू टू रायफल किंवा एअर रायफल वापरायची सोय कायद्यातच आहे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून पदक घेऊन आला, तो काही पिस्तूल घरी बनवून गेला नव्हता.

प्रश्न : ताई, आम्ही पाटण तालुक्यात कोयनेच्या वरच्या अंगाला राहतो. आजेसासऱ्यांची ठासणीची बंदूक आहे. परवाना पीक राखणीचा होता, तो पुढे सासऱ्यांच्या नावावर झाला. सासरे २०११ ला वारले. परवान्याचं बुक ट्रंकेत आहे, बंदूक गोणपाटात गुंडाळून माळ्यावर. दसऱ्याला काढून पूजा करतो. घोडा मोडलाय. यंदा डुकरांनी भात आणि भुईमूग पार लोळवला, म्हणून मालक म्हणतात बाजारच्या लोहाराकडून घोडा बसवून घेऊ. मला भीती वाटते. कोयनेत टाकून मोकळं व्हावं का? दिरांनी पाईपची कार्बाइडची बंदूकही आणलीय, नुसत्या आवाजासाठी.

उत्तर : वहिनी, तुमची भीती बरोबर आहे आणि मालकांचा बेत चुकीचा. नदीत मात्र टाकू नका. परवान्यावरची बंदूक सरकारच्या रजिस्टरला नोंदलेली असते. उद्या कोणी विचारलं, बंदूक कुठाय, तर ‘कोयनेत’ हे उत्तर ऐकून घेणारा फौजदार अजून जन्माला यायचाय. दुसऱ्या कोणाला सापडली आणि त्याने काही केलं, तर धागा तुमच्या दारापर्यंत येतो.

परवानाधारक वारला की वारसाने विनाविलंब शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं असतं. कलम २१. तुमचा विलंब चौदा वर्षांचा, म्हणजे वनवासाइतका झाला. कागदावर बघितलं तर आज ती विनापरवाना बाळगलेली बंदूक आहे, आणि २०१९ पासून त्याला दोन ते पाच वर्षांची तरतूद आहे. वाचून हातपाय गाळू नका. बाळगण्याचा खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टरांची, आधी मंजुरी लागते. आणि जो स्वतःहून बुक घेऊन दारात येतो त्याच्याकडे बघायची नजर निराळी असते, हे मी तीस वर्षांत पाहिलंय.

रीत अशी धरा. बंदूक एसटीत घालून नेऊ नका, मोटारसायकलवर तर मुळीच नाही. आधी अर्ज : सासरे अमुक तारखेला वारले, परवाना क्रमांक अमुक, बंदूक मोडक्या अवस्थेत घरी आहे, जमा करून घ्यावी. सोबत मृत्यूचा दाखला आणि बुकाची झेरॉक्स. पोलीस पाटलांना घेऊन ठाण्यात जा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, आणि बंदूक कशी आणायची ते त्यांनाच ठरवू द्या. जमा झाल्यावर पावती घ्या. पावतीवाचून घरी येऊ नका. बंदूक घराण्यातली म्हणून हवीच असेल तर मालकांनी वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करावा. खऱ्याखुऱ्या पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आजही आहे, तुमचं शेतीचं कारण पोकळ नाही.

“पण घोडाच मोडलाय, मग ती बंदूक कसली,” असं मालक म्हणतील. जुन्या, निकामी हत्यारांना कायद्यातून सूट आहे खरी. पण शब्द नीट बघा : दुरुस्ती करूनही आणि न करताही जी वापरता येणार नाही, ती. तुमची तर लोहाराकडे न्यायचं ठरतंय, म्हणजे दुरुस्त होते हे तुम्हीच कबूल केलंत. आणि लोहार! बंदुकीची दुरुस्तीसुद्धा कलम ५ मध्ये येते, विनापरवाना दुरुस्त करणाऱ्याला बनवणाऱ्याइतकीच शिक्षा. त्या बिचाऱ्याला कुदळीला पाणी द्यायचं काम म्हणून तुम्ही सांगाल आणि तो सात वर्षांच्या कलमात जाऊन बसेल. ऐरण त्याची, घण त्याचा, बंदूक तुमची. वरच्या कोडोलीच्या मुलाला जे लिहिलं तेच त्याला लागू.

आणखी एक. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे. त्याला वन्यजीव कायदा लागतो आणि वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तो विषय काढूच नका. पीक लोळवलं त्याची भरपाई वन खातं देतं. त्यासाठी नुकसान झाल्याझाल्या वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो, पीक काढून टाकल्यावर कोणी मानत नाही.

कार्बाइडची पाईप आजच मोडून टाका. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे कितीतरी पोरांचे डोळे या खेळण्याने गेले. बार उडाला नाही की पोरं आत डोकावतात, आणि तेव्हाच उडतो. दिरांना कायदा सांगू नका, भोपाळचं सांगा.

प्रश्न : सांगलीत आमचा हौशी नाट्यसंघ आहे. स्पर्धेच्या नाटकात तिसऱ्या अंकात पिस्तूल लागतं. नेपथ्यवाले म्हणतात, कुपवाडच्या एका टर्नरकडून हुबेहूब लोखंडी करून घेऊ, घोडा ओढल्यावर खटका वाजेल असं. चालेल का?

उत्तर : हुबेहूब आणि लोखंडी, या दोन शब्दांवर फुली मारा. जे फक्त खेळणं म्हणूनच वापरता येतं आणि ज्याचं खरं हत्यार करता येत नाही, ते कायद्याबाहेर आहे. टर्नरने पोकळ नळीचं, चालत्या खटक्याचं काही केलं तर ते त्या ओळीच्या अलीकडे की पलीकडे, हा वाद तुम्हाला स्पर्धेच्या आदल्या रात्री घालायचा नाहीये. खोट्या बंदुकीचं खऱ्यात रूपांतर हाही परवान्याशिवाय गुन्हाच आहे. सागवानाचा भरीव तुकडा घ्या, सुताराकडून कोरा, ग्राफाइट चोळा, पाचव्या रांगेपासून कोणाला कळत नाही. आवाज विंगेतून. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हा शिवधनुष्य काही लोहाराने तोलून दिलं नसणार. नेण्या-आणण्याला पिशवी वापरा, कमरेला खोचून विश्रामबागेतून हिंडू नका. आणि त्या पोराला सांगा, पिस्तूल हातात घेऊन मोबाइलवर फोटो टाकू नकोस. यातल्या निम्म्या केसेस फोटोवरूनच सुरू होतात.

प्रश्न : वकीलबाई, माझे वडील कुंडलकडे पत्री सरकारात होते. त्यांच्या तोंडून ऐकलंय की तेव्हा गावोगावच्या लोहारांनी हत्यारं दुरुस्त करून दिली. आज तुम्ही लोहाराला गुन्हेगार म्हणता. मग तेव्हाचे ते सगळे गुन्हेगारच का?

उत्तर : आबा, तेव्हाच्या सरकारच्या लेखी होतेच, आणि त्यांना ते ठाऊकही होतं. १९४३ मध्ये इथे कायदा होता तो इंग्रजांचा, १८७८ चा. त्यात सुरुवातीला हिंदी माणसाला परवाना आणि युरोपियनाला मोकळीक, असा उघडउघड भेद होता. ज्या लोहाराने तेव्हा घण उचलला, त्याने पकडलं गेलो तर काय होईल हे मोजून उचलला. १९५९ च्या कायद्याने तो इंग्रजी कायदा काढला, परवाना ठेवला. तो ठेवायला नको होता असं तुमचं मत असेल तर तो वाद करण्याजोगा आहे आणि तुमच्या ओसरीवर येऊन करायला मला आवडेल. पण पाटणच्या वहिनींच्या लोहाराला पारतंत्र्य घालवायचं नाहीये, घोडा बसवायचाय. वडिलांच्या आठवणी कोणाकडून तरी लिहून घ्या, वहीत, तारखांसकट.

मागच्या अंकातली चूक : एका परवान्यावर तीन बंदुका बाळगता येतात असं मी मागच्या महिन्यात लिहून बसले. मिरजेच्या एका वाचकाने पोस्टकार्ड टाकून कान पकडला. २०१९ च्या दुरुस्तीपासून मर्यादा दोनची आहे. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती एका वर्षाच्या आत जमा करायची होती, ती मुदत डिसेंबर २०२० मध्येच संपली. वारशाने आलेल्यालाही दोनच. माझ्या टेबलावरचं पुस्तक २०१६ च्या आवृत्तीचं निघालं, ते आता खालच्या कप्प्यात गेलंय. माझ्या त्या ओळीवर विसंबून कोणी तिसरी बंदूक घरात ठेवली असेल तर पाटणच्या वहिनींना सांगितलेला अर्जाचा मजकूर वापरा. मृत्यूचा दाखला तेवढा वगळून.